तारखेचा रकाना न गाळणारं डीटीपीचं दुकान

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या या डीटीपी आणि प्लॉटर प्रिंटिंगच्या दुकानातून मी भिंतीवर लावायचे दोन मोठे तक्ते करून घेतले. विषय अमेरिकेचं यादवी युद्ध, १८६१ ते १८६५: दोन्ही फौजांमधले रँक, त्यांची चिन्हं, आणि कुणाला कोणत्या तारखेला कोणता रँक आणि कोणती कमांड मिळाली. असलं काम घेऊन गेलं की बहुतेक ठिकाणी "पीडीएफ द्या, प्रिंट मारून देतो" एवढंच ऐकायला मिळतं. इथं मजकूर वाचला गेला. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तक्ते आमच्या पेठेतल्या तालमीच्या अभ्यासिकेसाठी होते. तिथं एनडीए, सीडीएस आणि अग्निवीर भरतीची तयारी करणारी पोरं बसतात. रविवारी सकाळी मी त्यांना लष्करी इतिहास सांगतो. मी स्वतः फौजेत क्लार्क होतो. पार्ट टू ऑर्डर (जवानांच्या नोंदींचे हुकूम) काढणं, सिनिऑरिटी रोल म्हणजे ज्येष्ठतेची यादी ठेवणं, प्रमोशनची तारीख नीट चढली का बघणं यातच माझी नोकरी गेली. एक तारीख चुकीची चढली की माणसाचा पगार, पेन्शन आणि मान तिन्ही कसे अडकतात ते मी जवळून बघितलंय.

आधी हिशेबाचं सांगतो. प्रत्येक तक्ता ३ बाय ४ फूट, जाड मॅट पेपर, वर लॅमिनेशन, वर-खाली लाकडी दांडी आणि टांगायला दोरी. दोन्हीचे मिळून १,८५० रुपये, डिझाइनचे १,२०० वेगळे. फ्लेक्सवर केलं असतं तर निम्म्यात झालं असतं, पण फ्लेक्सवर बारीक अक्षर फुटतं आणि माझ्या तक्त्यात बारीक अक्षरच जास्त. दुकानातल्या डिझायनर ताईंनी हे स्वतःहून सांगितलं. गिऱ्हाइकाला स्वस्तातलं गळ्यात मारून मोकळं व्हायचं, असा प्रकार इथं नाही.

पोरांना मी पहिल्यापासून सांगत आलोय: रँक म्हणजे माणूस कोण आहे, अपॉइंटमेंट म्हणजे तो कोणतं काम करतो. हवालदार हा रँक, कंपनी हवालदार मेजर ही अपॉइंटमेंट. कर्नल हा रँक, कमांडिंग ऑफिसर ही अपॉइंटमेंट. आणि दोघांचा रँक एकच असेल तर हुकूम कुणाचा चालणार हे तारखेवर ठरतं. इंटरनेटवर रँकच्या चिन्हांची देखणी पोस्टरं ढिगानं मिळतात. एकातही तारखेचा रकाना नसतो. त्यामुळं एक जनरल दुसऱ्या जनरलचं का ऐकत नाही, तिसरा राजीनामा देऊन का जातो, हे पोरांना कळतच नाही. त्यांना वाटतं सगळा स्वभावाचा खेळ. स्वभाव असतोच, पण त्याच्याखाली कागद असतो.

हे शिकवायला अमेरिकेच्या यादवीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. युद्धाआधी त्यांची कायम फौज जेमतेम १६,००० ची. मेजर जनरलच्या वर त्यात कायम रँकच नव्हता. सरसेनापती विनफिल्ड स्कॉट लेफ्टनंट जनरल म्हणवले जायचे ते ब्रेव्हेट, म्हणजे मानाचे. एप्रिल १८६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकननी राज्यांकडून ७५,००० मिलिशिया (हंगामी फौज) मागवली आणि बघता बघता फौज लाखांत गेली. युद्धापुरत्या उभ्या केलेल्या या व्हॉलंटियर पलटणींच्या कर्नलपर्यंतच्या अधिकाऱ्यांना राज्याचे गव्हर्नर कमिशन देत. जनरल राष्ट्राध्यक्ष नेमत आणि सिनेट मंजुरी देई. सुरुवातीला तर कितीतरी कंपन्यांत जवान मतं टाकून आपला कॅप्टन निवडत. एकाच माणसाकडं एकाच वेळी चार वेगवेगळे रँक असू शकत: कायम फौजेतला, व्हॉलंटियर फौजेतला, आणि या दोन्हींतले ब्रेव्हेट. समोरच्या, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेच्या कॉन्फेडरेट फौजेचे बरेचसे मोठे अधिकारीही याच जुन्या फौजेतून आणि वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून निघालेले. म्हणजे एकच सिनिऑरिटी रोल मधोमध फाटला आणि दोन्ही तुकड्यांवर नवी नावं चढायला लागली.

आता दुकानाकडं येतो. पहिलं प्रूफ काढायच्या आधीच ताईंचा फोन आला. "मेजर, ते कस्टर चार ठिकाणी आलेत. एका ओळीत जनरल, एका ओळीत कॅप्टन. डबल झालंय, काढू का?" (आमच्याकडं फौजेतून आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात, मग तो शिपाई असो नाहीतर सुभेदार.) मी म्हटलं, एकही काढू नका, मी येतो. आणि त्यांच्या स्क्रीनसमोर बसून कस्टरचा सगळा कागद सांगितला.

जॉर्ज कस्टर २९ जून १८६३ ला व्हॉलंटियर फौजेत ब्रिगेडियर जनरल झाला. वय २३. त्या दिवशी कायम फौजेत तो नुसता लेफ्टनंट होता. त्याच्याबरोबर मेरिट आणि फार्न्सवर्थ हे दोघेही त्याच तारखेला कॅप्टनचे थेट जनरल झाले. घोडदळाला तरुण ब्रिगेड कमांडर हवे होते आणि घोडदळाचे कमांडर प्लेझंटननी शिफारस केली होती. फार्न्सवर्थ चार दिवसांनी, ३ जुलैला गेटिसबर्गच्या लढाईत पडला. कस्टर मेजर जनरलपर्यंत गेला. युद्ध संपल्यावर फेब्रुवारी १८६६ मध्ये व्हॉलंटियर फौजेतून तो मोकळा झाला आणि कायम फौजेतल्या आपल्या रँकवर परत आला: कॅप्टन. त्याच वर्षी जुलैत सातव्या कॅव्हलरीत लेफ्टनंट कर्नल झाला, आणि २५ जून १८७६ ला लिटल बिगहॉर्नच्या लढाईत मेला तेव्हाही लेफ्टनंट कर्नलच होता. लोक जनरल म्हणायचे ते ब्रेव्हेटमुळं. ताईंनी ऐकून घेतलं, पेन मागितला आणि कागदावर चार उभे रकाने आखले. "मग असं करू या. नाव एकदाच, आणि त्याच्यासमोर चार रकाने: कायम, व्हॉलंटियर, आणि दोन ब्रेव्हेट. तारीख प्रत्येक रकान्यात." मी दिलेल्या मांडणीत प्रत्येक रँकसाठी नाव पुन्हा लिहिलेलं होतं. त्यांची मांडणी चांगली होती आणि तीच छापली गेली. आता पोरगा एका नजरेत बघतो की १३ मार्च १८६५ ही तारीख ब्रेव्हेटच्या रकान्यात सारखी सारखी येते. युद्ध संपत आलं तेव्हा मानाचे रँक त्या एका तारखेला कितीतरी अधिकाऱ्यांना लावले गेले.

रंगांचं काम नाजूक होतं. युनियन, म्हणजे उत्तरेकडच्या फौजेच्या अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या पट्टीचा आतला रंग त्याचं अंग सांगतो: पायदळ आकाशी, घोडदळ पिवळा, तोफखाना लाल, जनरल आणि स्टाफ गडद निळा. पहिल्या प्रूफवर आकाशी राखाडी आला होता आणि गडद निळा जवळजवळ काळा. स्क्रीनवर ठीक दिसत होतं, कागदावर बिघडलं. ताईंनी छोट्या तुकड्यावर निळ्याच्या वेगवेगळ्या छटा छापून माझ्यासमोर ठेवल्या, दाराबाहेर उजेडात नेऊन दाखवल्या, आणि मग पक्कं केलं. त्या तुकड्यांचे पैसे लावले नाहीत. सेकंड लेफ्टनंटची पट्टी मोकळी असते, तिच्यात काहीच नसतं. तीसुद्धा "यात काही टाकायचं राहिलंय का?" असं विचारूनच मोकळी ठेवली.

कॉन्फेडरेट तक्त्यावर तर त्यांनी थेट बोट ठेवलं. "ब्रिगेडियर जनरल, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल आणि जनरल, चौघांना एकच चिन्ह लागलंय. कॉपी झालंय वाटतं." कॉपी झालेलं नव्हतं. कॉन्फेडरेट नियमाप्रमाणं सगळ्या दर्जाच्या जनरलांच्या कॉलरवर एकच चिन्ह: पानांच्या वेढ्यात तीन तारे, मधला मोठा. वेढा नसलेले, सारख्या आकाराचे तीन तारे कर्नलचे. दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली तर बहुतेक वेळा नुसते तीन तारे लावायचे. म्हणजे कॉलर बघून कोण कुणाच्या वर हे समजायला मार्गच नाही. उरते तारीख.

आणि त्या तारखेनंच तिकडं मोठं दुखणं उभं केलं. ३१ ऑगस्ट १८६१ ला दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिसनी पाच जणांना पूर्ण जनरल केलं, पण प्रत्येकाला मागची वेगवेगळी तारीख दिली. सॅम्युअल कूपर १६ मे, अल्बर्ट सिडनी जॉन्स्टन ३० मे, ली १४ जून, जोसेफ जॉन्स्टन ४ जुलै, बोरेगार्ड २१ जुलै. जोसेफ जॉन्स्टन जुन्या फौजेत क्वार्टरमास्टर जनरल होता, ब्रिगेडियर जनरलच्या रँकवर. राजीनामा देऊन दक्षिणेकडं आलेल्यांत त्याच्याइतका वरचा कुणी नव्हता, आणि जुन्या फौजेतली ज्येष्ठता धरली जाईल असा कायदा होता. तो चौथा लागला. डेव्हिसचं म्हणणं असं की क्वार्टरमास्टर जनरल हे स्टाफचं पद, त्या रँकवर लढणाऱ्या फौजेची कमांड मिळत नाही. जॉन्स्टननं सप्टेंबरात लांबलचक संतापाचं पत्र लिहिलं, डेव्हिसनं दोन ओळींत तोडून टाकलं. राष्ट्राध्यक्ष आणि त्याचा एक मोठा सेनापती यांचं पुढं कधीच नीट जमलं नाही. माझ्या मनात मी जॉन्स्टनच्या बाजूचा आहे. कायद्यात लिहिलं होतं ते पाळायला हवं होतं. स्टाफ आणि लाइन असा भेद करायचाच होता तर तो कायद्यात आधी लिहायचा, यादी लावून झाल्यावर सांगायचा नाही. या पाच तारखा ताईंनी ठळक टायपात घेतल्या, त्यामुळं दारातूनही वाचता येतात.

युनियनच्या तक्त्यातला सगळ्यात दाट भाग आहे व्हॉलंटियर मेजर जनरलांचा, आणि तो छापताना कुणालाही कंटाळा आला असता. मीड, हॉवर्ड, हॅनकॉक, रेनल्ड्स यांच्यासमोर एकच तारीख: २९ नोव्हेंबर १८६२. इथंही विचारणा झाली आणि बरं झालं. कारण गेटिसबर्ग समजायचं तर हीच ओळ समजायला लागते. मीडला युनियनच्या पोटोमॅक आर्मीची कमांड मिळाली २८ जून १८६३ ला, लढाईच्या तीन दिवस आधी. सेज्विक आणि स्लोकम हे त्याचे कोर कमांडर (कोर म्हणजे अनेक डिव्हिजनांची मोठी तुकडी) त्याच्याहून ज्येष्ठ, त्यांच्या तारखा जुलै १८६२ च्या. तरी त्यांनी त्याच्या हाताखाली काम केलं. १ जुलैला रेनल्ड्स मारला गेल्यावर मैदानावर ज्येष्ठ होता हॉवर्ड. मीडनं पाठवलं हॅनकॉकला. तारीख एकच असली तरी यादीत हॉवर्ड वर, आणि हॅनकॉकनं ही अडचण मीडसमोर मांडलीही. पण ज्येष्ठता बाजूला ठेवून हवा तो माणूस नेमायची मुभा मीडला वॉशिंग्टनहून मिळालेली होती. तिला आधार होता काँग्रेसच्या ४ एप्रिल १८६२ च्या ठरावाचा: एकाच रँकचे दोन अधिकारी एका मैदानात असतील तर राष्ट्राध्यक्ष तारीख न बघता कमांड देऊ शकतात. हा ठराव आम्ही तक्त्याच्या तळाला चौकटीत छापलाय. माझ्या दृष्टीनं अख्ख्या तक्त्यातली ही सगळ्यात महत्त्वाची चौकट. फौज तारखेवर चालते हे खरं, पण लढाई तारखेवर सोडता येत नाही, आणि ती सूट कुणी द्यायची हे लोकशाहीत आधी लिहून ठेवावं लागतं.

त्या ठरावाच्या आदल्या वर्षीची गोष्ट पोरांना फार आवडते. साल १८६१. युनियनचेच ग्रँट आणि प्रेंटिस दोघेही ब्रिगेडियर जनरल, दोघांची तारीख १७ मे १८६१. मिसूरीत दोघं समोरासमोर आले आणि प्रेंटिस ऐकेना. नियम असा की तारीख सारखी असेल तर आधी कायम फौजेत ज्याचा रँक होता तो ज्येष्ठ. ग्रँट पूर्वी कायम फौजेत कॅप्टन होता, म्हणून तो वर. प्रेंटिस कमांड सोडून सेंट लुइसला निघून गेला. हाच प्रेंटिस पुढं ६ एप्रिल १८६२ ला शायलोच्या लढाईत ग्रँटच्या हाताखाली दिवसभर जागा धरून लढला आणि संध्याकाळी कैद झाला. आणि ग्रँटच्या हाती ९ मार्च १८६४ ला लेफ्टनंट जनरलचं कमिशन आलं, तेव्हा मात्र त्याच्यापुढं कुणाचीच तारीख लागू होईना. तरीही बर्नसाइडची नववी कोर मीडच्या हाताखाली देता येईना, कारण मेजर जनरल म्हणून बर्नसाइड मीडहून ज्येष्ठ. त्या वसंतातल्या मोहिमेत नववी कोर आधी थेट ग्रँटचा हुकूम घ्यायची. २४ मे ला ती मीडकडं गेली आणि बर्नसाइडनं ते मान्य केलं. हूकरला मात्र अटलांटासमोर ते जमलं नाही. टेनेसी आर्मीचा कमांडर मॅकफर्सन २२ जुलैला पडल्यावर तिथला वरिष्ठ शर्मननं ती आर्मी हॉवर्डला दिली आणि ज्येष्ठ असलेला हूकर कमांड सोडून गेला.

आता या दुकानाला पाचपैकी चारच तारे का देतोय, ते सांगतो. मजकूर मी युनिकोडमध्ये दिला होता. तो त्यांच्या जुन्या फाँटमध्ये घेताना रफार गळले. या विषयात रफाराशिवाय काहीच नाही: जॉर्ज, शर्मन, बर्नसाइड, फार्न्सवर्थ, हॉवर्ड. दुसऱ्या प्रूफवरही "शमन" आणि "बनसाइड" राहिले होते. ताईंनी सगळी नावं पुन्हा हातानं टाइप केली, पण हे गिऱ्हाइकाला प्रूफ द्यायच्या आधी सापडायला हवं होतं. दुसरं, गणपतीच्या आधीचे दिवस होते. मंडळांच्या फ्लेक्सपुढं माझा तक्ता मागं पडत गेला आणि ठरलेल्या दिवशी मिळाला नाही. उशीर होणार असेल तर फोन करून सांगावं, एवढीच अपेक्षा. तिसरं, लॅमिनेशन मॅट सांगूनही एका तक्त्याला चकचकीत बसलं होतं. ट्यूबलाइटखाली मधल्या ओळी दिसत नव्हत्या. तो तक्ता मात्र तक्रार न करता, एक रुपया न घेता पुन्हा छापून दिला.

तक्ते न्यायला गेलो तेव्हा दुकानाचे मालक होते. त्यांचं गाव सेनापती कापशी. तक्ता उलगडून उभ्याउभ्या बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "मेजर, आमच्या संताजींचं असंच झालं की वो." आणि खरं आहे ते. राजाराम महाराजांच्या काळात १६९६ साली सेनापतिपद संताजी घोरपड्यांकडून काढून धनाजी जाधवांना दिलं गेलं, पुढच्याच वर्षी संताजी मारले गेले. १७०७ ला शाहू सुटून आले तेव्हा धनाजी त्यांच्या बाजूला गेले. धनाजींचे चिरंजीव चंद्रसेन शाहूंचे सेनापती झाले आणि १७११ ला ताराराणींकडं आले. संताजींच्या घराण्यात कोल्हापूर गादीचं सेनापतिपद चालत आलं, म्हणून गावाला ते नाव. १७३१ च्या वारणेच्या तहापर्यंत दोन गाद्यांचे दोन सेनापती, दोन प्रधान, आणि माणसं इकडून तिकडं. मालकांनी विचारलं की याचा तक्ता होईल का. मी हो म्हटलंय. सातारा डावीकडं, कोल्हापूर उजवीकडं, नेमणुकीचं साल प्रत्येक नावासमोर, आणि बाजू बदलली तिथं बाण. कागद जमवायचं काम चाललंय. छपाई याच दुकानात करणार आहे.

जाणार असाल तर: दुकान पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद, मोठी गुंडाळी खाली आणायला सोबत कुणीतरी न्या. गाडी लावायला जागा नाही, चारचाकी आणूच नका. गणपती आणि दिवाळीच्या आधीचा महिना टाळा. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर पीडीएफही सोबत द्या, म्हणजे रफार ताडून बघता येतात. भिंत ओल धरणारी असेल तर दांडीवाला तक्ताच घ्या, चिकटवायचा नको, आपल्याकडच्या पावसात कडा सुटतात. आणि तक्त्यात नावं, तारखा असतील तर डिझायनर ताईंसमोर बसून एकदा सगळं वाचून दाखवा. त्या वेळ देतात.